द्राक्षांचं कार्ड

"काढायची असतील तर आत्ता काढ. संध्याकाळपर्यंत मी काही ठेवायची नाही," गंगाक्का म्हणाल्या आणि द्राक्षांचा घड स्टीलच्या ताटलीसकट माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर सरकवला.

काळी द्राक्षं होती. गंगाक्कांचे यजमान बाळाप्पा चिकोडीकडून पहिल्या एसटीनं यायचे, तेव्हा टोपलीत खाली कडुनिंबाचा पाला घालून फळं आणायचे. मण्यांवर ती पिठूळ झाक अजून होती, बोट लागलं की पुसली जाते ती. मी ताटली फिरवून देठ उजवीकडे घेतला, पाण्याचा वाडगा जवळ ओढला आणि ब्रश भिजवला. चार मणी रंगवून होईतो कळलं की आजही जमणार नाही.

गंगाक्का शेजारच्या खाटेवर उशीला रेलून बघत होत्या. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. जांभळं दिसतायत, मी म्हटलं.

"मग जांभळं म्हणून सांग की. घेणाऱ्याला काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी एक मणी तोंडात टाकला. पण ताटली मात्र माझ्याकडेच राहू दिली.

ही गोष्ट अडुसष्ट सालची. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि गावाबाहेरच्या माळावर असलेल्या क्षयरोग आरोग्यधामात महिला विभागात होते. इस्लामपूरला आमच्या गल्लीत हे कुणालाच माहीत नव्हतं. शालन पुण्याला मावशीकडे शिवणकामाचा कोर्स करायला गेलीय, असं दिनकरदादानं सगळ्यांना सांगितलं होतं. वडील गेल्यापासून घर त्याच्यावर होतं. आई, मी आणि धाकटी कमल, तिघींचं त्याला बघायचं होतं. त्यात माझं लग्न आजारपणाआधीच ठरल्यासारखं होतं. मुलगा साखर कारखान्यात ओव्हरसियर होता, मधुकर शेडगे. बघून गेले होते, पसंती आली होती. नेमका मग मला खोकला लागला, ताप उतरेना, आणि एका रुमालावर रक्त दिसलं. दादानं मला इथं आणलं आणि शेडग्यांना सांगितलं, कोर्स संपला की बार उडवू.

दादा महिन्यातून एकदा यायचा. आई एकदाही आली नव्हती. पुणं एका दिवसात जाऊन येण्यासारखं नव्हतं, आणि आई दिवसभर कुठंतरी जाऊन आली असती तर कुठं गेली होती हे गल्लीत कुणीतरी विचारलंच असतं. म्हणून तिनं घरीच राहायचं, असं ठरलं होतं.

आरोग्यधामात औषधापेक्षा जड जायचा तो वेळ. सकाळी इंजेक्शन, मग मूठभर कडू गोळ्या, मग नुसतं पडून राहायचं. ज्यांच्या थुंकीत जंतू येणं थांबलं असेल, त्यांना डॉक्टर दुपारच्या विश्रांतीनंतर व्हरांड्यात बसून हातानं काहीतरी करायची परवानगी देत. कुणी विणायचं, कुणी टोपल्या करायचं. एस्तेरबाई मोहिते आल्यापासून काही जणी शुभेच्छापत्रं करायला लागल्या होत्या. एस्तेरबाई स्वतः एके काळी याच विभागात पेशंट होत्या. बऱ्या झाल्यावर नगरला चित्रकलेची परीक्षा देऊन त्या परत इथंच शिकवायला आल्या. उंच, सावळ्या, पांढरी सुती साडी, आवाज हळू. जाड कागद दुमडून त्या आमच्यापुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, समोर असेल ते काढा.

आमच्या समोर फळं असायची. आजारी माणसाला भेटायला येणारा फळंच आणतो. प्रत्येक खाटेशेजारच्या कपाटावर मोसंबी, चिकू, कधी एखादं सफरचंद. माझ्या कपाटावर नसायची, म्हणून मी गंगाक्कांची काढायची.

रंगांच्या डबीत पांढरा रंग नव्हता. एस्तेरबाईंनी तो मुद्दाम ठेवला नव्हता. उजेड हवा तिथं कागद कोरा सोडायचा, ही त्यांची पहिली शिकवण. मोसंबीवरचा चकाकता ठिपका मला लवकर जमला. चिकूची खरखर कोरड्या ब्रशनं जमली. कापलेल्या पपईतल्या काळ्या बिया बघायला तर विभागाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बायका उठून आल्या. अडलं ते काळ्या द्राक्षांपाशी. ती पिठूळ झाक वरून लावता येत नाही. आधी पातळ राखाडी निळा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग झाक जिथं जिथं आहे तेवढी जागा सोडून गडद रंग भरायचा. म्हणजे शेवटी जे दिसायला हवं ते सगळ्यात आधी ठरवावं लागतं. मी प्रत्येक वेळी घाई करून गडद रंग पुढं नेत होते, आणि मणी जांभळासारखा तुकतुकीत होत होता.

कार्ड पुरं झालं की एस्तेरबाई मागच्या बाजूला रबरी शिक्का मारायच्या. चित्रकाराचं नाव लिहायला मोकळी जागा, आणि त्याखाली 'महिला विभाग, क्षयरोग आरोग्यधाम'. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि पाडव्याच्या आधी, ही कार्डं विकायला ठेवत. लोकं शिक्का बघून कार्ड खाली ठेवतात, हे आम्ही स्वतः पाहिलं होतं. एका बाईंनी तर ते पदरानं धरलं होतं. शिक्का मारू नका, असं आमच्यातल्याच काही जणींनी सुचवलं, तेव्हा एस्तेरबाई म्हणाल्या, मग विकूच नका. माझ्या कार्डांवर मात्र नावाची जागा रिकामी असायची. घरून मनाई आहे, एवढंच मी सांगितलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

फाल्गुनात दादा आला तो हातात नव्या कापडाची पिशवी घेऊन. आम्ही व्हरांड्याच्या टोकाला बसलो. तो खुशीत होता. डॉक्टरांना भेटून आला होता. थुंकी स्वच्छ आहे, वजन वाढलंय, हे त्यानं ऐकलं होतं. त्यापुढं डॉक्टर म्हणाले होते की औषधं अजून बरेच महिने चालू ठेवावी लागतील, मध्ये सोडली तर आजार उलटतो. ते त्यानं मला शेवटी सांगितलं, तेही उठता उठता.

शेडग्यांनी वैशाखातला मुहूर्त मागितला होता. पाडवा झाला की दादा मला न्यायला येणार होता. पिशवीत साडी होती, साखरपुड्याला नेसायची.

मी विचारलं, "आणि गोळ्या?"

"तिकडं घ्यायच्या. कुणाला दिसू द्यायच्या नाहीत."

"दिवसातून इतक्या वेळा? आणि इंजेक्शन?"

"शालन, जमवायचं. बायका काय काय जमवतात." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तू एकटी असतीस तर मी तुला दोन वर्षं इथं ठेवली असती. पण कमल आहे. हे बाहेर पडलं तर तिला कोण विचारणार?"

तो वाईट माणूस नव्हता. माझ्या औषधांसाठी त्यानं स्वतःची सायकल विकली होती आणि कामावर चालत जात होता, हे मला कमलच्या पत्रातून कळलं होतं. मी साडीची पिशवी घेतली आणि त्याला गेटपर्यंत सोडून आले.

गंगाक्कांनी सगळं ऐकलं होतं. आमच्या खाटा व्हरांड्याच्या त्या टोकाच्या खिडकीलाच लागून होत्या. जेवणाची ताटं गेल्यावर त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं. त्या आरोग्यधामात दुसऱ्यांदा आल्या आहेत, हे मला ठाऊक होतं. पहिल्यांदा काय झालं होतं, ते ठाऊक नव्हतं.

"मला पण बरं वाटायलं होतं," त्या म्हणाल्या. "नणंदेचं लग्न निघालं. घरात सून पाहिजे म्हणून सासूनं नेलं. गोळ्या मी तांदळाच्या डब्यात ठेवायची. सगळी झोपली की घ्यायची. एक दिवस डब्यापाशी सासू बसलेली. दुसऱ्या दिवशी पाहुणे. मग चार दिवस नाही, मग आठ दिवस नाही. खोकला नव्हता, ताप नव्हता. मला वाटलं, झालं की बरं." त्यांनी छातीच्या डाव्या बाजूवर हात ठेवला. "आता त्याच गोळ्या लागू पडेनात. डॉक्टर म्हणतात बरगड्या काढून ही बाजू दाबून टाकायची."

त्यांचं ऑपरेशन पाडव्याच्या आधी ठरलं होतं. त्यांनी मला जाऊ नकोस असं सांगितलं नाही. तांदळाच्या डब्याचं तेवढं सांगितलं आणि कूस बदलली.

मी त्या दिवशी मनात ठरवलं की शेडग्यांना कळायला हवं. दादाशी वाद घालून उपयोग नव्हता. मी नाही म्हटलं असतं, तर त्यानं आणखी एखादी सबब सांगून मुहूर्त पुढं ढकलला असता आणि मी त्या सबबीच्या आत पुन्हा बसून राहिले असते. पत्र लिहायला घेतलं, पण पत्रात मी माफी मागतेय असं व्हायला लागलं. पहिलीच ओळ 'आपणास कळवण्यास अत्यंत वाईट वाटते' अशी आली. मी कागद फाडला. मला वाईट वाटत नव्हतं. मी बरी होत होते, आणि पुरती बरी होणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी द्राक्षं घेऊन बसले. पाडव्याचं शुभेच्छापत्र पाठवायचं. चित्र द्राक्षांचं. मागं शिक्का, आणि शिक्क्यावरच्या मोकळ्या जागेत माझं पूर्ण नाव. वेगळं काही लिहायचं नाही. पण चित्र चांगलं झालं पाहिजे होतं. मधुकररावांनी कार्ड उलटून मागची ओळ वाचायच्या आधी पुढची बाजू बघितली पाहिजे, नीट बघत राहिलं पाहिजे. आजाऱ्यानं वेळ जावा म्हणून रंगवलंय, असं त्यांना वाटता कामा नये.

ते काम मला बरेच दिवस पुरलं. इंजेक्शनांमुळे कानात गुंई व्हायची, उठताना तोल जायचा, ब्रशचं टोक थरथरायचं. मी मनगट स्टुलाच्या कडेवर टेकवून रंगवायला शिकले. घड एका आठवड्यात सुकला. बाळाप्पांनी दुसरा आणला. आता त्यांना ठाऊक झालं होतं, म्हणून ते घड देठाला धरूनच आणायचे, मण्यांना हात न लावता, आणि ताटलीत ठेवताना असे वाकायचे की जणू आत दिवा आहे. खराब झालेली कार्डं मी गादीखाली घालत होते. एस्तेरबाई शेजारी येऊन उभ्या राहायच्या आणि फक्त म्हणायच्या, वाळू दे. अजून वाळू दे.

गंगाक्कांना ऑपरेशनला नेलं त्या सकाळी विभागातल्या सगळ्या जणी उठून बसल्या होत्या. ढकलगाडीवरून जाताना त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आज घाई करू नकोस," एवढंच म्हणाल्या. मी दिवसभर व्हरांड्यात बसून राहिले, कारण खाटेवर बसून त्यांची रिकामी गादी बघवत नव्हती. राखाडी निळा हात दिला आणि खरंच तो पुरता वाळेपर्यंत ब्रशला हात लावला नाही. मध्ये दोनदा दाराकडे जाऊन आले. कुणी काही सांगत नव्हतं. परत येऊन बसले आणि गडद रंग भरायला घेतला, एकेक मणी, झाकेची जागा सोडत. उन्हं कलली तेव्हा नर्सनं येऊन सांगितलं की गंगाक्का शुद्धीवर आल्यात, पाणी मागतायत. मी कार्डाकडे बघितलं. घड झाला होता. बोट लावलं तर झाक पुसली जाईल असं वाटत होतं.

एस्तेरबाईंनी ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मी त्यांना शिक्का मारायला सांगितलं, आणि शिक्का वाळल्यावर माझ्या हातानं नाव लिहिलं. शालन रामचंद्र इंगवले. मग पाकिटावर मधुकर शेडग्यांचा साखर कारखान्यातला पत्ता लिहिला. तो वाचून त्यांनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"एकदा पोस्टात पडलं की परत घेता येणार नाही. माझ्याकडे राहू दे आज. उद्या सकाळी विचारते."

सकाळी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, टाका. त्यांनी पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एरवी त्या कुणाला हात लावत नसत.

पाडव्याच्या विक्रीत त्या वेळी माझ्या सगळ्या कार्डांवर माझं नाव होतं. बरीचशी खपली नाहीत, थोडी खपली.

पाडवा होऊन आठवडा झाला असेल, दादा आला. भेटीची वेळ नव्हती, पण त्याचा चेहरा बघून नर्सनं सोडलं. तो बसला नाही. शेडग्यांच्या वडिलांची चिठ्ठी आली होती, सोयरीक नको म्हणून. साध्या दोन ओळी. एवढी मोठी गोष्ट आमच्यापासून लपवलीत, असं शेवटी होतं. कारखान्यात सगळ्यांना कळलं होतं, म्हणजे इस्लामपुरात कळल्यातच जमा होतं.

"मला विचारायचं तरी," दादा म्हणाला.

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणून तर विचारायचं असतं."

मी म्हटलं, "दादा, मी औषध पुरं करणार आहे. इथंच. मग पुढचं पुढं."

"आणि कमलचं काय करू?"

"उद्या कमलला खोकला झाला तर तिलाही पुण्याला पाठवणार आहेस का?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं तो हात उगारेल. पण माझ्या कपाटातली साडीची पिशवी त्यानं स्वतः काढून घेतली. दुकानदार परत घेईल, असं काहीसं पुटपुटला. नर्सनं आणलेला चहा कठड्यावर तसाच राहिला. गेटपर्यंत जायला मी उठले, तर त्यानं हातानंच थांब म्हणून खूण केली.

मधुकररावांकडून मला काही आलं नाही. कार्डही परत आलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. कमलचं पत्र येणं थांबलं. गंगाक्का अजून दुसऱ्या इमारतीत होत्या. मी रंगवायला बसायची, पण समोर फळ नव्हतं आणि आठवून काढायला एस्तेरबाईंची परवानगी नव्हती. माझं बरोबर होतं याबद्दल मला शंका नव्हती. पण घरच्या माणसांशिवाय बरोबर असणं किती एकटं असतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गोळ्या मात्र मी एकही चुकवली नाही. नर्स यायच्या आधी पाण्याचा पेला भरून तयार बसायची.

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी दुपारी विभागाच्या दारात कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं, "इंगवल्यांची शालन कुठल्या खाटेवर?"

आई होती. हिरवं जरीकाठी लुगडं, सणाला नेसायचं. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, एसटीच्या धुळीनं पांढरे झालेले पाय. दारातून माझ्या खाटेपर्यंत ती सरळ चालत आली, इकडंतिकडं न बघता. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. लांब बस, असं मी म्हणत होते, ते तिनं ऐकलंच नाही.

"जाड झालीस," ती म्हणाली. मग डोळे पुसून खाटेवर बसली.

दादानं पाठवलं का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली. जाऊ नको असंही म्हणाला नाही. सकाळी उठून ही तयार झाली तर तो म्हणे नुसता बघत होता, मग एसटी स्टँडवर सोडायला आला.

मग तिनं वर्षभराचं सांगितलं. मी शिवण शिकतेय म्हणून शेजारच्या पाटलीणबाईंनी ब्लाऊजचं कापड आणून दिलं होतं, शालनकडून शिवून आणा म्हणून. आईनं ते वरच्या पेठेतल्या शिंप्याकडे चोरून नेलं, शिवून घेतलं, आठ दिवस ट्रंकेत ठेवलं आणि पुण्याहून आलं म्हणून दिलं. पाटलीणबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी आणखी दोन कापडं आणून दिली. हे सांगताना आईला हसू यायला लागलं, मलाही आलं, आणि हसता हसता ती एकदम रडायला लागली. वर्षभर रात्री पडल्या पडल्या तिला वाटायचं, पोर तिकडं गेली तर मी रडू तरी कशी, गल्लीला काय सांगू. मी तिचा हात धरून बसले.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं.

"एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं निघालाय? मी म्हटलं, लेकीला टीबी झालाय, तिला भेटायला निघाले. मोठ्यानं म्हटलं. मागच्या बाकावरची माणसं पण बघायला लागली."

"मग?"

"मग काय. ती बाई उठून दुसरीकडं जाऊन बसली. मला ऐसपैस जागा झाली."

तिनं पिशवीतून रामफळं काढली, परसातल्या झाडाची. विटेच्या रंगाची, एकीकडे पिवळट, एकीकडे लालसर, एक जरा उकललेलं. माझ्या कपाटावर एका ओळीत ठेवली. आणि मग उठून ती विभागभर फिरली. प्रत्येकीच्या खाटेशी थांबून, तू कुठली, कोण आहे घरी, येतं का कुणी, असं विचारत. ज्यांच्याकडे कुणी येत नव्हतं त्यांना तिनं रामफळ दिलं. कपाटावर एकच उरलं.

पुढं मी औषध पुरं केलं. बरी झाले. एस्तेरबाईंच्या ओळखीनं कोल्हापूरला चित्रकलेची परीक्षा दिली आणि शाळेत शिकवायला लागले. लग्न उशिरा केलं, सगळं सांगून केलं. कमलचं जुळायला खरंच वेळ लागला, आणि ती काही वर्षं माझ्याशी तुटक वागली. ते मी धरून ठेवलं नाही, तिचा हक्क होता. गंगाक्का एका बाजूला कलून चालायच्या, पण पुष्कळ जगल्या. दादा मला न्यायला आला तेव्हा सामान उचलताना म्हणाला, रंगाची पेटी माझ्याकडं दे, दुसरीकडं दबेल.

पण आरोग्यधामातला मला आठवतो तो दिवस म्हणजे तो रविवार. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. आईनं लुगडं नीट केलं, रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली. उरलेलं रामफळ तिनं उचललं, उजेडाकडं धरून सगळ्या बाजूंनी बघितलं आणि लालसर बाजू माझ्याकडं करून परत ठेवलं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"पुढच्या रविवारी येते," म्हणाली. "काय आणू? खायला नाही विचारत. काढायला काय आणू?"